नाव पूर्ण घ्या

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात सर्कलव्हिल नावाचं एक छोटं गाव आहे. दर ऑक्टोबरात तिथं भोपळ्यांची मोठी जत्रा भरते आणि त्या जत्रेसाठीच ते गाव ओळखलं जातं. गावाबाहेर मक्याच्या शेतांतून जाणाऱ्या एका रस्त्याच्या पाटीवर लिहिलंय 'हिटलर रोड'. दुसऱ्या एका रस्त्याला दोन घराण्यांची नावं जोडून दिली आहेत, 'ह्यूबर-हिटलर रोड'. जवळच एक जुनी दफनभूमी आहे, तिचं नाव 'हिटलर-लुडविग'. हे हिटलर शेतकरी. जर्मनीतला तो हुकूमशहा जन्मायच्या कितीतरी आधीपासून ते त्या भागात नांदत होते, आणि त्याच्याशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता. त्यांच्यातलेच एक गृहस्थ, जॉर्ज वॉशिंग्टन हिटलर. अमेरिकेच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षाचं नाव पुढे आणि हे आडनाव मागे. त्यांचा मुलगा गे हिटलर गावात दातांचा डॉक्टर होता. सगळं दुसरं महायुद्ध संपेपर्यंत तो डॉक्टर हिटलरच राहिला आणि त्याच नावानं वारला.

या गावाबद्दल वाचलं तेव्हापासून ते माझ्या मनातून जात नाही, कारण मी वडूजच्या गोडशांची लेक आहे.

सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात, खटाव तालुक्यात आमच्या आडनावाची घरं कितीतरी. आम्ही शेतकरी मराठे. गांधीजींचा खून करणारा नथुराम गोडसे चित्पावन ब्राह्मण, जन्म बारामतीचा. त्याची नि आमची जात एक नाही, कुळी एक नाही, गाव एक नाही, देवक एक नाही. सारखं एवढंच, आडनाव. वडूज हे तर हुतात्म्यांचं गाव. ९ सप्टेंबर १९४२ ला तिथल्या कचेरीवर तिरंगा लावायला निघालेल्या मोर्चावर इंग्रज सरकारच्या पोलिसांनी गोळ्या झाडल्या, परशुराम घार्गे आणि त्यांचे सोबती पडले. त्या मातीत वाढलेली मुलगी शिकायला पुण्याला येते आणि पहिल्याच आठवड्यात तिला विचारतात, "गोडसे? म्हणजे त्यांच्यातल्या का?" विचारणारे दोन तऱ्हेचे असत. काहींच्या कपाळावर आठी असे. काही आवाज खाली आणून, आपुलकीनं विचारत, जणू माझ्याकडे काही ठेवा आहे. मला या दुसऱ्या तऱ्हेचा जास्त त्रास व्हायचा. आमच्या सोप्यात गांधीजींची तसबीर होती.

पुढे लग्न झालं, मी कदम झाले, प्रश्न थांबले. साताऱ्यात हायस्कूलला इतिहास शिकवण्यात माझी सगळी नोकरी झाली. पण आडनावाचं हे कोडं मी मनातून सोडलं नाही. एक माणूस काहीतरी भयंकर करतो आणि त्याचं आडनाव लावणाऱ्या हजारो माणसांच्या पदरात ते पडतं. काही आडनावं त्या ओझ्यानं मरतात, काहींना ओरखडाही उठत नाही. असं का होतं?

आधी एक गोष्ट वेगळी काढली पाहिजे. नाव आणि आडनाव यांचं नशीब सारखं नसतं. नाव आपण निवडतो. बारशाला कुणी आत्या बाळाच्या कानात 'शकुनी' म्हणत नाही. जर्मनीत अॅडॉल्फ हे जुनं, घरगुती नाव होतं. 'आदिदास' बूट काढणाऱ्या दास्लरचं नावही अॅडॉल्फच, त्याला 'आदी' म्हणत. १९४५ नंतर ते नाव नव्या पोरांना ठेवणं जवळपास बंद झालं. त्याला कायदा लागला नाही, आईबापांनी नुसतं दुसरं नाव निवडलं. आणि नावाचा डाग मुलखामुलखाप्रमाणे वेगळा असतो. करुणानिधींना १ मार्च १९५३ ला मुलगा झाला, चारच दिवसांनी मॉस्कोत स्टालिन वारला, आणि मुलाचं नाव स्टालिन ठेवलं गेलं. तो मुलगा पुढे तमिळनाडूचा मुख्यमंत्री झाला. खुद्द स्टालिनच्या मुलीनं मात्र बापाचं नाव टाकून आईचं आडनाव घेतलं, अलिलुयेवा. हीच स्वेतलाना १९६६ च्या अखेरीस आपल्या भारतीय जोडीदाराच्या अस्थी घेऊन भारतात आली होती आणि पुढल्या मार्चमध्ये दिल्लीच्या अमेरिकन वकिलातीत जाऊन तिनं आश्रय मागितला. आमच्याकडे मराठवाड्यात विभीषण नावाची माणसं भेटतात. एका बाजूनं बघितलं तर तो घरभेदी, दुसऱ्या बाजूनं रामाचा भक्त. आईबापांनी दुसरी बाजू निवडली.

आडनावाला ही सोय नाही. ते जन्माबरोबर येतं आणि टाकायचं म्हटलं तर कचेरीत जाऊन कारण सांगावं लागतं. म्हणून आडनाव कमी होतं ते बारशात नाही. ते कमी होतं तेव्हा जिवंत माणसं उठून ते सोडत असतात.

हिटलर घराण्याचंच बघा. मुळात हे आडनाव त्या घरात फार जुनं नव्हतं. अॅडॉल्फचा बाप आलोइस १८३७ मध्ये लग्नाविना जन्मला, म्हणून आईचं आडनाव लावून तो शिकलग्रूबर होता. आईनं पुढे ज्याच्याशी लग्न केलं त्याचं आडनाव हीडलर. त्याचा भाऊ तेच आडनाव ह्यूटलर असं लिहायचा. ऑस्ट्रियाच्या त्या डोंगराळ भागात लिहिणारा जसा ऐके तसं आडनाव उतरवी. १८७६ मध्ये, चाळिशीला टेकलेल्या आलोइसची नोंद चर्चच्या वहीत बदलली गेली आणि तो हिटलर झाला. अॅडॉल्फ जन्मला १८८९ मध्ये. म्हणजे जे आडनाव जगभर शिवी झालं, ते त्या घरात जेमतेम तेरा वर्षं जुनं होतं.

आणि ते सुटलंही तितक्याच लवकर. सावत्र भाऊ धाकटा आलोइस बर्लिनमध्ये उपाहारगृह चालवायचा. युद्धानंतर त्यानं एक अक्षर बदललं, हिटलरचा 'हिलर' झाला. सख्खी बहीण पाउला तर भाऊ सत्तेवर असतानाच, त्याच्याच सांगण्यावरून, 'वोल्फ' आडनावानं राहत होती. पुतण्या विल्यम पॅट्रिक हिटलर लिव्हरपूलमध्ये आयरिश आईच्या पोटी जन्मला. १९३९ मध्ये तो अमेरिकेला गेला, युद्धात अमेरिकेच्या नौदलात भरती झाला, काकाच्या विरुद्ध लढला, आणि युद्धानंतर स्टुअर्ट-ह्यूस्टन असं आडनाव घेऊन न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर गुपचूप राहिला. तिथं तो रक्त तपासणीची प्रयोगशाळा चालवायचा. शेजाऱ्यांना पत्ता नव्हता. १९८७ मध्ये वारला तोवर जगालाही नव्हता. पाउलाचं मला राहून राहून वाईट वाटतं. तिनं आयुष्य वोल्फ म्हणून काढलं, १९६० मध्ये ती गेली आणि बेर्शटेसगाडनच्या दफनभूमीत तिच्या थडग्यावर नाव कोरलं गेलं, पाउला हिटलर.

नॉर्वेचं क्विसलिंग हे आडनाव याच वाटेनं गेलं. विडकुन क्विसलिंगनं एप्रिल १९४० मध्ये जर्मन फौजा देशात शिरत असताना स्वतःलाच पंतप्रधान जाहीर केलं. त्यानंतर दहा दिवसांच्या आत लंडनच्या 'टाइम्स'नं फितुराला 'क्विसलिंग' म्हणायला सुरुवात केली होती. २४ ऑक्टोबर १९४५ ला ऑस्लोत त्याला गोळ्या घातल्या, पण तोवर त्याचं आडनाव इंग्रजी शब्दकोशात पोचलं होतं. मूठभर घरांचं आडनाव, आणि अर्थ 'देशद्रोही'. ते कोण लावणार? त्याची विधवा मारिया त्यानंतर चौतीस वर्षं ऑस्लोतच राहिली.

सगळ्यांनी आडनावं टाकली असं मात्र नाही. हिटलरचा साथीदार हाइनरिश हिमलर, त्याच्या भावाची नात काट्रिन हिमलर हिनं आडनाव ठेवलं आणि आपल्या आजोबांचा नि त्यांच्या भावांचा हिशेब मांडणारं पुस्तक २००५ मध्ये लिहिलं. घरात सांगितलं जायचं की एकटा हाइनरिश वाईट, बाकीचे भाऊ साधे. तिनं सरकारी दफ्तरं उपसली आणि ते खोटं असल्याचं दाखवलं. मला वाटतं, आडनाव ठेवण्याचा हक्क तिनं कमावला. हिटलरचा वास्तुविशारद अल्बर्ट श्पेअर, त्याच्या मुलाचं नावही अल्बर्ट श्पेअर आणि धंदाही तोच. तो त्याच नावानं आयुष्यभर इमारती उभारत राहिला. इटलीत तर उलटीच गत. २०२१ मध्ये रोमच्या महापालिकेत सगळ्यांत जास्त मतं मिळवून निवडून आली ती राकेले मुसोलिनी, हुकूमशहाची नात. ज्या देशानं आपल्या गुन्हेगाराचा निवाडा नीट केला नाही तिथं त्याचं आडनाव मतं मिळवून देतं, असं माझं मत आहे, आणि ही गोष्ट मला आडनाव बदलण्याहून जास्त काळजीची वाटते.

आता आपल्याकडे येऊ. माझ्या वर्गाच्या हजेरीत सातारा जिल्ह्याचा सगळा इतिहास बसलेला असे. मोरे, शिर्के, पिसाळ, खोपडे, जेधे, घोरपडे. इतिहास शिकवताना जपावं लागे. अफझलखानाचा धडा आला की सांगायचं, रोहिडखोऱ्यातले कान्होजी जेधे शिवाजी महाराजांच्या बाजूला राहिले, खंडोजी खोपडे खानाला मिळाला. पुढे त्यानं मध्यस्थ घालून माफी मागितली तेव्हा महाराजांनी जीव राखला, पण एक हात आणि एक पाय तोडला. वर्गात खोपडे असेल तर चाळीस माना त्याच्याकडे वळायच्या. एक वर्षी वाईकडचा एक पिसाळ होता, अबोल पोरगा. रायगड पडल्याचं शिकवलं त्या दिवशी मधल्या सुट्टीत तो माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. पाटीकडे बघत म्हणाला, "बाई, ते सूर्याजी आमच्यातलेच का?" मी म्हटलं, "बस. तुला सगळं सांगते."

जे त्याला सांगितलं ते इथंही सांगते. ११ मार्च १६८९ ला औरंगजेबानं संभाजी महाराजांना हालहाल करून मारलं. राजाराम महाराज रायगडावरून निसटून पुढे जिंजीला गेले. येसूबाई आणि लहानगे शाहू गडावर राहिले. इतिकादखानानं गडाला वेढा घातला आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात रायगड मोगलांच्या हाती गेला. इतिकादखानाला झुल्फिकारखान हा किताब याच कामगिरीबद्दल मिळाला. गड कसा पडला? ग्रँट डफनं १८२६ साली छापलेल्या मराठ्यांच्या इतिहासात लिहिलं की सूर्याजी पिसाळानं वाईच्या देशमुखीच्या लालचीनं तो शत्रूला मिळवून दिला. तिथून ही गोष्ट शाळेच्या पुस्तकांत, नाटकांत, भाषणांत पसरली. नंतरच्या अनेक अभ्यासकांनी तिच्यावर शंका घेतली. त्यांचं म्हणणं, येसूबाईंनी बोलणी करून, शर्ती ठरवून गड दिला. वाईच्या देशमुखीसाठी भांडण होतं हे खरं, पण वतनासाठी भांडणं हा त्या काळाचा रोजचा व्यवहार होता. मोगल वतनाच्या सनदा वाटत होते, आणि माणसं धरून ठेवायची म्हणून जिंजीहून मराठ्यांच्या बाजूनंही सनदा सुटत होत्या. एकाच गावची देशमुखी दोघांना दिलेली, आणि दोघांकडे कागद. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात वतनदारांवर जे कडक शब्द आहेत ते या अनुभवातून आलेले. अशा काळात सूर्याजी एकटाच काळा आणि बाकी सगळे पांढरे, असं मानता येत नाही.

त्या पोरानं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "म्हणजे लिहून आलंय ते खोटं?" मी म्हटलं, "म्हणजे पुरावा अपुरा आहे. आणि समजा खरं निघालं, तरी तो सूर्याजी. तू नाहीस."

पिसाळ आडनावाचं पुढे काय झालं? काही झालं नाही. वाईच्या पट्ट्यात पिसाळांची घरं आहेत, शेती आहे, सोयरिकी होतात. वाईच्या लोकांनी मदनराव पिसाळांना विधानसभेवर निवडून दिलं, ज्या वाईची देशमुखी या सगळ्या गोष्टीच्या मुळाशी होती त्याच वाईच्या लोकांनी. आणि त्याच वेळी 'सूर्याजी पिसाळ' ही मराठीतली सगळ्यांत जहरी राजकीय शिवी आहे. प्रत्येक पक्षफुटीत, प्रत्येक निवडणुकीत कुणी ना कुणी कुणाला तरी सूर्याजी पिसाळ म्हणतोच. एवढी वापरली जाणारी शिवी, आणि तरी आडनाव शाबूत.

एक कारण उघड आहे. आपल्याकडे आडनाव म्हणजे फक्त हाक मारायचा शब्द नव्हे. भावकी, कुलदैवत, देवक, कोणाशी सोयरीक जमते आणि कोणाशी नाही, सातबाऱ्यावरची नावं, गावच्या जत्रेतला मान, सगळं त्याला बांधलेलं. राजपत्रात छापून आडनाव बदलता येतं, पण भावकी राजपत्रात बदलत नाही. आणि तरी आपली माणसं आडनावं बदलतच आली आहेत, मानासाठी, मुलखाच्या ओढीनं. गाव सुटलं की गावाचं नाव लागतं. दीनानाथ मंगेशीचे म्हणून मंगेशकर झाले आणि त्या आडनावानं केवढं राज्य केलं. वाट मोकळी होती, म्हणजे लाजेखातर आडनाव टाकायलाही ती उघडी होतीच. पिसाळांनी ती धरली नाही.

याचं मला सापडलेलं कारण दुसरं आहे, आणि त्यासाठीच हा लेख लिहिते आहे. मराठी माणूस त्या शिवीत नाव पूर्ण घेतो. 'हा पिसाळ आहे' असं कुणी म्हणत नाही, 'हा सूर्याजी पिसाळ आहे' म्हणतात. गुन्हा सूर्याजीवर राहतो, आडनाव मोकळं सुटतं. आता मागे जाऊन बघा. जगानं हिटलर म्हटलं, नुसतं हिटलर. क्विसलिंग म्हटलं, नुसतं क्विसलिंग. ती आडनावं विरळ होतीच, त्यात एकट्यानं उच्चारली गेली, आणि मेली. उलट लिंकनचा खून करणाऱ्याचं नाव अमेरिकन माणूस कायम तीन शब्दांत घेतो, जॉन विल्क्स बूथ. त्याचा सख्खा भाऊ एडविन बूथ हा त्या काळचा मोठा नट. खून एप्रिल १८६५ मधला. १८६६ च्या जानेवारीत एडविन न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर पुन्हा 'हॅम्लेट' म्हणून उभा राहिला आणि लोकांनी टाळ्यांनी नाट्यगृह दणाणून सोडलं. बूथ आडनाव आजही अमेरिकेत सुखानं नांदतं आहे.

माझ्या आडनावाचं दुखणं इथं आहे. १५ नोव्हेंबर १९४९ ला अंबाल्याच्या तुरुंगात दोघांना फाशी दिलं, नथुराम गोडसे आणि नारायण आपटे. एकच खटला, एकच सकाळ, एकच शिक्षा. आपटे आडनावाला काय झालं? हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या वाचताना कुणाला नारायण आपटे आठवतो का? वामन शिवराम आपट्यांचा संस्कृत कोश चाळताना? पुण्यातल्या आपटे रस्त्यावरून जाताना? आपटे आडनावाची मोठी माणसं आधीच इतकी होती की एकाच्या पापानं ते झाकोळलं नाही, आणि त्याचं नावही लोक पूर्ण घेतात. विष्णू करकरेला त्याच खटल्यात जन्मठेप झाली. करकरे आडनाव तसं विरळ. पण आज ते ऐकलं की महाराष्ट्राला २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र आठवते, मुंबईत अतिरेक्यांच्या गोळ्यांना सामोरे गेलेले हेमंत करकरे आठवतात, त्यांना मरणोत्तर मिळालेलं अशोकचक्र आठवतं.

गोडसे आडनावाला असं कुणी मिळालं नाही असं नाही. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली काकांबरोबर उत्तरेत गेले, बंडाच्या वावटळीत सापडले, झाशीच्या वेढ्यात होते. परत येऊन त्यांनी लिहिलेलं 'माझा प्रवास' भारताचार्य चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये छापून काढलं. मराठीत १८५७ वर त्या तोडीचं डोळ्यांदेखतचं लिखाण दुसरं नाही. पण 'गोडसे' म्हटल्यावर विष्णुभट किती जणांना आठवतात? कारण वर्तमानपत्रांनी, वक्त्यांनी, आता टीव्हीवाल्यांनी नथुराम हा शब्दच गाळला. 'गोडसेवादी', 'गोडसेची औलाद', 'गोडसे जिंदाबाद'. विरोधकही तसंच बोलतात आणि भक्तही. दोघं मिळून आमच्या उंबऱ्यावर येऊन भांडतात.

हे थेट संसदेपर्यंत गेलं. लोकसभेच्या असंसदीय शब्दांच्या यादीत 'गोडसे' हा शब्द कित्येक दशकं होता. २०१४ मध्ये नाशिकहून हेमंत गोडसे लोकसभेवर निवडून आले. नाशिककडचे गोडसेही आमच्यासारखे शेतकरी. ज्या सभागृहात लोकांनी पाठवलं तिथं या खासदाराचं आडनावच असंसदीय! त्यांनी अध्यक्षांकडे दाद मागितली, की हे माझं आडनाव आहे, ते बदलायचा प्रश्न येत नाही, आणि या आडनावाची खूप माणसं महाराष्ट्रात आहेत. २०१५ मध्ये अध्यक्ष सुमित्रा महाजन यांनी निर्णय दिला. यादीत 'गोडसे' ऐवजी 'नथुराम गोडसे' असं वाचावं. त्या माहेरच्या चिपळूणच्या, आडनाव साठे. मराठी आडनावाला काय काय बांधलेलं असतं हे त्यांना सांगावं लागलं नसणार. एका शब्दाचा बदल, पण मला तो फार न्याय्य वाटला. मी ते कात्रण दादाला पाठवलं. दादा फोनवर एवढंच म्हणाला, "आबा असते तर बरं झालं असतं."

आबा म्हणजे आमचे वडील. १९४८ बद्दल ते क्वचित बोलायचे. गांधीजींचा खून झाला तो शुक्रवार होता. पुढच्या दिवसांत पश्चिम महाराष्ट्रात गावोगावी ब्राह्मणांच्या घरांना आगी लागल्या. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जाळला, त्यात चित्रपट राख झाले. मुंबईत नारायणराव सावरकरांना जमावानं दगडांनी ठेचलं आणि पुढच्याच वर्षी ते गेले. आबा सांगायचे, "आपण गोडसे, पण आपल्याला कुणी बोट लावलं नाही. आणि कुलकर्ण्यांचं घर पेटलं." जमावाला आडनावाशी देणंघेणंच नव्हतं. त्याला जात हवी होती. एका माणसाचा गुन्हा पूर्ण नावावर न ठेवता सैल सोडला की तो आधी आडनावावर सांडतो, मग जातीवर, मग शेजारच्या निरपराध घराच्या छपरावर. आमचं घर वाचलं यात आबांना कधी समाधान वाटलं नाही.

अगदी अलीकडची गोष्ट शिर्क्यांची. फेब्रुवारी २०२५ मध्ये 'छावा' चित्रपट आला. त्यात संभाजी महाराजांना पकडून देणारे म्हणून गणोजी आणि कान्होजी दाखवले. शिर्के घराण्याच्या आजच्या मंडळींनी हरकत घेतली, पुरावा मागितला, अब्रुनुकसानीचा इशारा दिला. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी दिलगिरी व्यक्त केली. त्यांचं म्हणणं होतं की चित्रपटात फक्त पहिली नावं घेतली, आडनाव आणि गाव मुद्दाम घेतलं नाही.

उतेकरांचा हेतू चांगला असेल, पण हा उपाय मला पटला नाही. गणोजी म्हटलं की कोण ते साताऱ्यातलं शेंबडं पोरही सांगतं. आडनाव गाळून डाग पुसला जात नाही. आणि गाळलं की त्याच आडनावातलं दुसरं माणूसही गाळलं जातं. संभाजी महाराजांच्या राणी येसूबाई शृंगारपूरच्या पिलाजीराव शिर्क्यांच्या कन्या. गणोजी त्यांचे सख्खे भाऊ, शिवाजी महाराजांचे जावई. नवरा मारला गेल्यावर पोटच्या पोराला घेऊन रायगड झुंजवणारी, दीराला गादीचा मार्ग मोकळा करून देणारी आणि मग कित्येक वर्षं मोगलांच्या कैदेत काढणारी बाई माहेरची शिर्के होती. गणोजीवर आरोप ठेवायचा तर नाव, आडनाव, गाव, कागद, सगळं पूर्ण मांडा आणि शेजारी येसूबाई शिर्के हेही पूर्ण लिहा. मग बघणारा ठरवील. कागद मागणाऱ्या शिर्क्यांच्या बाजूला मी आहे. फक्त कोट्यवधींच्या दाव्यानं इतिहास सिद्धही होत नाही आणि खोटाही ठरत नाही. त्यासाठी दफ्तरखान्यातच बसावं लागतं.

दादाचा मुलगा, माझा भाचा, जर्मनीत नोकरीला आहे. तिथं त्याच्या आडनावानं कुणाची भुवई हलत नाही. मागे त्यानं फोनवर सांगितलं, "आत्या, इथं एका मित्राला नुसतं सांगितलं की आमच्याकडे माझ्या आडनावावरून लोक प्रश्न विचारतात, तर तो लगेच म्हणाला, मला समजतं." त्या मित्राच्या आजोबांनी युद्धानंतर आडनाव बदललं होतं. आता नातवाला जुनं आडनाव परत लावावंसं वाटतंय आणि आई नको म्हणते.

मी भाच्याला म्हटलं, "त्याच्या आईचं ऐकायचं की नाही ते तो ठरवील. तू आधी त्याला विष्णुभटांचं पुस्तक दे. इंग्रजीत झालेलं आहे."